न दिसलेल्या हृदयावर तू सही केली नाहीस

नीलू,

परवाच्या शोकसभेत तुझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं मला मान्य नाही. शाहपुऱ्याच्या त्या हॉलमध्ये तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार घातला होता आणि आपल्या हॉस्पिटलचे संचालक माइकवर सांगत होते की डॉक्टर नीलिमा अत्यंत मितभाषी होत्या, त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी तुझ्या आईच्या, काकूंच्या, शेजारी बसले होते. काकूंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हे कुणाबद्दल बोलतायत गं?"

पुढे कुणीतरी म्हणालं, कॅन्सरशी त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली. तेव्हा मात्र मला उठून जावंसं वाटलं. कॅन्सरशी तू झुंजबिंज काही केली नाहीस. औषधं घेतलीस, उलट्या सोसल्यास, डोक्याला रुमाल बांधलास, आणि अंगात जी काही ताकद उरली होती ती सगळी माझ्याशी भांडण्यात खर्च केलीस. ते भांडण तू हरलेली नाहीस. हे मी त्या सभेत बोलायला हवं होतं. मला दोन मिनिटं दिली होती, दोन मिनिटांत ते मावलं नसतं, म्हणून मी उठलेच नाही. आता इथे बोलते. इथे मला कुणी घड्याळ दाखवणार नाही.

आपण पिपलानीच्या क्वार्टर्समधल्या मुली. दोघींचेही वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे भोपाळला आलेले. माझे अमरावतीहून, तुझे नाशिकहून. माझ्या बाबांची स्कूटर तू चालवायचीस, कारण मला गिअर बदलता येत नसत. एमपी नगरच्या कोचिंगला जाताना तू हँडल धरून मागे मान वळवून माझ्याशी वाद घालायचीस. एकदा प्रकाशाच्या वक्रीभवनावरून असा वाद रंगला की तू लाल सिग्नल तोडलास. हवालदारानं अडवलं. तू त्यालाही पटवायला लागलीस की सिग्नलच्या दिव्यावर ऊन पडतं, तो नीट दिसत नाही, जो दिसतच नाही तो पाळायचा कसा. पाच मिनिटं ऐकून त्यानं हात जोडले. "बिटिया, जाओ. मगर चुप तो हो जाओ." पुढे पस्तीस वर्षं पुष्कळ लोकांनी तुला हेच सांगितलं. त्यांतली मी एक.

मी आयसीयू सांभाळू लागले आणि तू इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एकाच हॉस्पिटलात, दोन मजल्यांच्या अंतरावर. माझ्याकडे सगळ्यांत आजारी माणसं, आणि त्यांची हृदयं बघायला तुला खालून बोलवावं लागे. तू मशीन ढकलत यायचीस, पेशंटच्या छातीवर जेल लावण्याआधी ते तळहातावर चोळून कोमट करायचीस. बेशुद्ध माणसासाठीसुद्धा. "त्याला कळत नाही," मी म्हणायचे. "तुला काय माहीत?" तू म्हणायचीस.

आपल्या भोपाळात गॅसपीडित वस्त्यांतले पेशंट कायम येत राहतात. त्यांची फुप्फुसं फुगून हृदयावर पसरलेली असतात, आणि इकोचा आवाज हवेतून पलीकडे जात नाही. शिवाय व्हेंटिलेटरवरची माणसं, जाड माणसं, छातीवर पट्ट्या असलेली माणसं. पडद्यावर करडं धुकं, त्यात काहीतरी हलतंय एवढंच. बाकीचे सगळे अशा वेळी एक गोलमोल वाक्य लिहून मोकळे होतात. तू होत नसायचीस. "वंदना, हा इको नाही. हा अंदाज आहे. अंदाज तू कर, माझी सही कशाला हवी?"

मग तू ते कॉन्ट्रास्ट आणलंस. लहानशी बाटली, हलवली की दुधासारखी पांढरी होणारी. आत वायूचे बुडबुडे, इतके बारीक की फुप्फुसातल्या केसाएवढ्या वाहिन्यांतूनही पार होतात. हाताच्या शिरेतून सोडले की थोड्याच वेळात हृदयाचा डावा कप्पा आतून उजळतो, त्याच्या भिंती स्पष्ट होतात, आणि काही मिनिटांत तो वायू श्वासावाटे निघून जातो. पहिल्यांदा ते दाखवायला तू मला हाताला धरून ओढत नेलं होतंस. त्या पेशंटचा पडदा धुक्यानं भरला होता. तू सुई दिलीस, आणि त्या धुक्यातून एक पूर्ण हृदय वर आलं. कुठली भिंत आकुंचन पावते, कुठली मेलेली आहे, शेंडा कसा फुगलाय, सगळं. मी "अरे!" म्हणाले. तू एवढी हसलीस की पेशंटनं विचारलं, "सब ठीक है ना मैडम?" ठीक नव्हतं. पण काय ठीक नाही ते आपल्याला कळलं होतं, आणि त्याप्रमाणे त्याची औषधं बदलली गेली. तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

मग ती सकाळ आली. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोठा झटका येऊन माझ्याकडे आले होते. रक्तदाब तीन औषधांवर टांगलेला. तू कॉन्ट्रास्ट दिलंस, हृदय दिसलं, जेमतेम थरथरत होतं. पाऊण तासानं ते गेले. त्यांच्या मुलानं नर्सला सुई देताना पाहिलं होतं. तो कॉरिडॉरमध्ये ओरडत होता, "इंजेक्शन देके मार दिया मेरे बाप को!" संचालक खाली आले. वकिलांचा फोन आला. आणि दुपारी मी, आयसीयूची प्रमुख, एक नोट टाइप करून भिंतीवर लावली: आयसीयूतल्या पेशंटना पुढील सूचनेपर्यंत कॉन्ट्रास्ट देऊ नये.

तू नोट वाचून थेट माझ्या खोलीत आलीस. दारसुद्धा लावलं नाहीस.

"तो मरत होता म्हणून मी ते दिलं, वंदना. मी ते दिलं म्हणून तो मेला नाही."

"तुला खात्री आहे?"

"नाही. तुला आहे?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"सगळ्यांत आजारी माणसांनाच ते द्यावं लागतं. सगळ्यांत आजारी माणसंच मरतात. दिल्यानंतर कोण गेलं ते तुम्ही बघता. न दिल्यामुळे कोण गेलं ते कोण बघतं? त्यांच्यासाठी कुणी कॉरिडॉरमध्ये ओरडत नाही, कारण त्यांना माहीतच नसतं यार!"

मी म्हणाले, "पेशंटच्या जिवाशी मला खेळायचं नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तसं तू माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतंस. मग म्हणालीस, "बरं," आणि गेलीस. आपल्या मैत्रीत तू "बरं" म्हणून विषय सोडल्याची ती एकमेव वेळ, आणि तोही तू सोडलेला नव्हताच.

त्यानंतर माझ्या टेबलावर कागद येऊ लागले. देशोदेशीच्या मोठमोठ्या नोंदी तपासून लोकांनी काय लिहिलंय ते. खुणा केलेले, समासात तुझं तिरपं अक्षर. ही भीती आधी दुसरीकडेही घेतली गेली होती आणि पुढे तपासल्यावर ती तेवढी खरी निघाली नव्हती, असा त्याचा सूर. मी ते चाळून खणात ठेवत होते. मी वाचलं नाही असं नाही. मला पटलं नाही असंही नाही. नोट माझ्या सहीची होती, ती काढणं म्हणजे त्या दिवशी मी घाबरले होते हे मान्य करणं. मी ते मान्य केलं नाही. बस, एवढंच कारण होतं, नीलू. तुला ते माहीत होतं का? मला वाटतं, माहीत होतं.

आणि मग हमीदा बी.

गॅसपीडित वस्तीतली साठीची बाई, फुप्फुसं आधीच गेलेली, त्यात न्यूमोनिया. काही दिवसांपूर्वी झटका येऊन गेला होता, तो पित्त समजून घरीच काढलेला. व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. मुलगी शबाना दाराबाहेर स्टुलावर बसून असायची, शिलाईचं काम मांडीवर घेऊन. हमीदा बींच्या पोटातून थोडं रक्त जात होतं, त्यामुळे रक्त पातळ करायचं पूर्ण औषध डोळे मिटून देणं धोक्याचं होतं. झटक्यानं अधू झालेल्या हृदयाच्या शेंड्याला गुठळी असेल तर द्यायला हवं, नसेल तर देऊ नये. सगळं त्यावर अडलं होतं. आणि पडद्यावर धुकं. स्कॅनला हलवण्याइतकी त्यांची अवस्था बरी नव्हती.

तू छातीवर फिरवायचा इकोचा प्रोब खाली ठेवून म्हणालीस, "कॉन्ट्रास्ट दे."

"नोट आहे."

"नोट तुझी आहे!"

"नीलू, सगळ्यांसमोर नको."

"मग कुणासमोर? तिच्यासमोरच बोलतेय. ती इथे आहे."

मी नाही म्हणाले. शिवाय तुला सांगितलं की रिपोर्टमध्ये 'लक्षणीय दोष आढळला नाही' एवढं लिही, म्हणजे फाइल पुढे सरकेल. तू पेन काढलंस आणि लिहिलंस: 'शेंडा दिसला नाही. गुठळी आहे की नाही सांगता येत नाही. कॉन्ट्रास्टची मागणी केली, मिळालं नाही.' खाली सही. तो कागद तू माझ्या हातात कोंबलास.

मी पूर्ण औषध दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी हमीदा बींची उजवी बाजू लुळी पडली. गुठळी हृदयातूनच मेंदूत गेली असणार. नवव्या दिवशी त्या गेल्या.

गुठळी आधी दिसली असती तर त्या नक्की वाचल्या असत्या, असं मी आजही म्हणत नाही. कदाचित औषधानं पोटातला रक्तस्राव वाढला असता. कदाचित न्यूमोनियानं नेलं असतं. पण आपण बघितलं असतं, आणि बघून ठरवलं असतं. मी न बघता ठरवलं. बघण्याचं साधन दोन मजले खाली फ्रिजमध्ये ठेवलेलं असताना.

तू "मी सांगत होते" म्हणाली नाहीस. मला ते ऐकायचं होतं, म्हणजे मला तुझ्यावर चिडता आलं असतं. तू फक्त हमीदा बींच्या पलंगाशी उभी होतीस, त्यांच्या छातीवरचं जुनं जेल ओल्या कापसानं पुसत. नंतर माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणालीस, "नोट काढ."

मी म्हणाले, "कमिटीत ठेवते."

ठेवलं नाही.

वर्ष-दीड वर्ष गेलं आणि तुझं पोट दुखायला लागलं. पुढचं सगळं फार भराभर झालं. तुझ्या घरी तळ्याच्या बाजूच्या गॅलरीत मी यायचे, काकू दार उघडायच्या, आणि तू खुर्चीत उशांच्या आधारानं बसलेली असायचीस. शेवटून दुसऱ्या भेटीत मी ठरवून आले होते. वाटेत गाडीत मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं: तू बरोबर होतीस. तीन शब्द. आत आल्यावर तुझे हात बघितले, मनगटाची हाडं बघितली, आणि तोंडातून निघालं, "थोडं सूप घेतेस का?"

"सूप नको," तू म्हणालीस. "नोट काढलीस?"

"नीलू, आत्ता हे…"

"आत्ता नाही तर कधी? वंदना, माझ्या लाडाबिडात पडू नकोस. मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस. ते जे वर पडलेत ना तुझ्याकडे, त्यांच्यासाठी कर."

काकू आतून म्हणाल्या, "अगं, दमशील." तू म्हणालीस, "आई, मी दमलेलीच आहे, त्यात बोलले तर काय बिघडलं?" आणि आपण तिघीही हसलो. नंतरच्या भेटीत तू झोपेत होतीस. तुझ्या पायांशी बसून मी काहीच बोलले नाही.

आता ऐक. तुझ्या दहाव्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक होती. मी ती नोट भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं की ही मी भीतीपोटी लावली होती, पुरावा नसताना लावली होती आणि तशीच ठेवली होती, आणि ती माझी चूक होती. वकील ताठ झाले. "मैडम, 'गलती' शब्द मिनट्स में मत आने दीजिए. 'पुनर्विचार' लिखते हैं."

"नहीं. गलती लिखिए."

संचालक म्हणाले, "भावनेच्या भरात बोलताय तुम्ही. मैत्रीण गेलीय, आम्ही समजू शकतो."

मी म्हणाले, "मैत्रीण होती तेव्हा मी भीतीच्या भरात वागत होते. ते तुम्हाला चाललं. आता हेही चालवून घ्या." मी मराठीत बोलले, निम्म्यांना कळलं नसेल. वकिलांना आवाजावरून कळलं असावं. 'गलती' लिहिलं गेलं.

नवा नियम झाला. ज्याचं हृदय साध्या इकोत नीट दिसत नाही आणि ज्याच्या उपचाराचा निर्णय त्यावर अवलंबून आहे, त्याला कॉन्ट्रास्ट मिळेल, आयसीयूतही. आणि एक कलम मी घातलंय, ज्यावरून तू माझ्याशी भांडली असतीस. सुई दिल्यावर अर्धा तास एक नर्स पेशंटजवळून हलणार नाही, ॲलर्जीची औषधं भरून हाताशी. तू म्हणायचीस, एवढ्या नर्स कुठून आणणार, या अटीपायी उद्या कुणाला मिळायचंच राहील. मी म्हणते, क्वचित का होईना, रिॲक्शन येते ती कुणाच्या तरी अंगावर येते, आणि तेव्हा तिथे माणूस हवा. तू गेलीस म्हणून हा मुद्दा मी तुला सोडून देणार नाही. या बाबतीत तू चूक होतीस. हवं तर माझ्या समासात लिही.

गेल्या सोमवारी तुझ्या हाताखाली शिकलेल्या प्रियांकानं पहिलं कॉन्ट्रास्ट दिलं. बैरागढचा एक कापडवाला, छाती पिंपासारखी, पडद्यावर पुन्हा तेच धुकं. मी मागे उभी होते आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. तीच, जुनी. शिरेत दूध गेलं, कप्पा उजळला आणि शेंड्याशी काळी गुठळी दिसली, बोराएवढी. प्रियांकानं मोजमाप घेतलं. औषध त्याच तासात सुरू झालं. काल तो दलिया फेकून देत होता, त्यात मीठ नाही म्हणून. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. आज तो दलिया फेकण्याइतका जिवंत आहे.

पण एक काम राहिलं होतं. फाइलमधून पत्ता काढून मी शबानाकडे गेले. अरुंद गल्ली, वरच्या मजल्यावर शिलाईची तीन मशीनं. तिनं मला ओळखलं. खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: तिच्या अम्मीचं हृदय दिसत नव्हतं, दिसेल असं औषध होतं, एका डॉक्टरनं ते मागितलं होतं, मी दिलं नाही. त्यानं त्या वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. पण हे तिला कळायला हवं होतं, आणि कुणीतरी हे तिला फार आधी सांगायला हवं होतं.

शबानानं कात्री खाली ठेवली. 

"नीलिमा मैडम ने बताया था," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अम्मी के गुज़रने के चालीसवें दिन आई थीं. फिर हर ईद पर आती थीं. कहती थीं, शबाना, हमसे चूक हुई. देखना चाहिए था, हमने नहीं देखा. मैंने पूछा भी, किसने मना किया था. बोलीं, किसी एक का नाम क्या लूँ, हम सब थे वहाँ."

नीलू, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. त्या जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या तू चढलीस, त्या पोटदुखीसकट चढलीस, तिच्यासमोर खाली मान घालून बसलीस, माझं नाव गिळून. आणि शाहपुऱ्याच्या गॅलरीत माझ्यावर ओरडत राहिलीस. मी कृतज्ञ व्हावं अशी तुझी अपेक्षा असेल तर आहे मी कृतज्ञ. पण मला रागही आला आहे. तू रिपोर्टवर खरं लिहिलंस, सही केलीस. तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं. त्या 'हम'मध्ये तू कशाला शिरलीस?

मी शबानाला म्हणाले, "हमने नहीं. उन्होंने माँगा था. मना मैंने किया था. अकेले मैंने."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "माफ़ तो मैं नहीं कर पाऊँगी, मैडम. अभी तो नहीं."

"मत कीजिए," मी म्हणाले.

मग तिनं विचारलं, "वो इस ईद पर आएँगी ना?"

तिला माहीत नव्हतं. आता मी खुर्चीवर बसले, आणि तू गेलीस हे तिला माझ्या तोंडानं सांगितलं. तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं आणि ती आपल्या आईसाठी रडावी तशी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, तेवढा हक्क मला नव्हता. मी नुसती समोर बसून राहिले, उठून गेले नाही.